सकाळपाळीचं दुखणं

मी एक लाटणं बोलतोय. चपातीचं नव्हे हं, पापडाचं. अंगाने सडपातळ आणि स्वभावाने भित्रा. काही पडल्याचा आवाज झाला की मी दचकतो, कारण पडलेला बहुतेक मीच असतो.

लालबागच्या एका सुताराने मला शिसवीतून घडवलं. गिरण्यांच्या संपाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दगडू नावाच्या कामगाराची गिरणी काही उघडेना, म्हणून त्याची बायको सुभद्रा मला डिलाईल रोडच्या चाळीत घेऊन आली. पापडाचं पीठ घरी आणायचं, लाटायचं, वाळवून पोचतं करायचं. त्यावर घर चालायचं. सुभद्राचा हात इतका हलका, की तिच्या तळव्याखाली मी गिरक्याच घ्यायचो.

मग एका थंडीत तिची पकड बदलली. सकाळी मला उचलताना बोटं मिटायचीच नाहीत. मधली पेरं सुजलेली, गरम. जशी उजव्या हाताची, तशीच डाव्याची. संध्याकाळी अंगात कणकण आणि कितीही झोपली तरी थकवा तसाच.

"पापडाचा हात गं, सगळ्यांचाच धरतो," शेजारच्या शेवंतीने निदान करून टाकलं. मला तर इतकं अपराधी वाटलं! पण एक कोडं होतं. कामाने दुखलेला हात कामाने आणखी दुखतो. हिचा दुपारपर्यंत सुटत जायचा. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं?

तिच्या सासूबाईंनाही, काशीबाईंना, ते कळलं होतं. त्यांनी अर्थ लावला, ढोंग!

शेवटी दगडू बायकोला परळच्या मोठ्या इस्पितळात न्यायला निघाला. "मीय येतंय," काशीबाई म्हणाल्या. "दाक्तरीणीक खरां काय तां कळूंदे." आणि पुरावा म्हणून मला पिशवीत कोंबलं.

"दाक्तरीणबाय, सकाळी हिची बोटां वळनत नाय, आनि दुपारी सटासट लाटता! ह्यां दुखणां काय सकाळपाळीक जाता?"

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "परत सांगा, आजी. सकाळी किती वेळ?"

"दीड तास तरी! रोज!"

"दोन्ही हात?"

"दोनूय. आता पायाची बोटांय म्हणता. नाटकाक काय कमी?"

काशीबाई आरोप करत होत्या आणि डॉक्टरबाई भराभर लिहून घेत होत्या. मग त्यांनी मला सुभद्राच्या हातात दिलं. सकाळचे नऊ वाजले होते. बोटं अर्धीच वळली आणि मी खाडकन फरशीवर! सगळे दचकले. काशीबाई खाली वाकल्या त्या मला उचलायला, पण नजर सुनेच्या बोटांवरच राहिली.

"हा संधिवात वाटतोय, पण म्हातारपणाचा नव्हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रोगांपासून अंगाची राखण करणारे रक्तातले शिपाईच घरच्यांवर लाठी चालवतात. कुणाच्या सांध्यांवर, कुणाच्या कातडीवर. उन्हात गालांवर चट्टे येतात का? तोंडात फोड? केस झडतात? थंडीत बोटं पांढरी पडतात?"

सुभद्रा नाही नाही म्हणत राहिली.

"बरं. रक्त तपासून नक्की करू. पण आलात ते बरं झालं. उशीर झाला की बोटं वाकडी होतात, मग सरळ होत नाहीत."

परत येताना काशीबाईंनी पिशवी सुनेला उचलू दिली नाही. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, "सकाळचा मी लाटतंय. तू बस."

तेव्हापासून सकाळी मी त्यांच्या हातात असतो. पापड जाड होतात, कडा फाटतात, आणि शिव्या मला बसतात. रक्ततपासणीत तोच संधिवात निघाला, सुभद्राच्या गोळ्या चालूच आहेत. काही दिवस बरे, काही वाईट. बोटं अजून सरळ आहेत.

माझं मागणं लहानसं आहे. घरात कुणाची बोटं सकाळी तासभर वळत नसतील, दोन्हीकडे सारखीच सूज असेल, थकवा झोपूनही जात नसेल, तर ढोंग म्हणण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्या.

परवा शेवंती उंबऱ्यात टेकत म्हणाली, "काकी, हल्ली गुडघे लई धरतात हो."

काशीबाईंनी मला जागीच थांबवलं.

"सकाळी की सांजचे? एक की दोनूय?"

आणि शेवंती नीट सांगेपर्यंत त्यांनी पुढचा पापड लाटला नाही.