तिचा एकुलता एक फोटो

ताई कुणालाच आपला फोटो का काढू देत नव्हती? बारक्याने हे आईला विचारलं, बाबांना विचारलं, ताई ज्या लाँड्रीत दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभी असायची तिथल्या बायकांना विचारलं, आणि ती असताना तिला स्वतःला तर कितीदा विचारलं होतं. प्रत्येकाने भलतंच काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ताई नुसती हसायची, आणि समोर कुणी फोन उगारला की हात आडवा धरायची. घरातल्या, शेजाऱ्यांच्या, मैत्रिणींच्या साऱ्या फोटोंत तिच्या जागी एखादी वळलेली मान, एखादा धूसर खांदा नाहीतर नुसता पंजा होता. ओळखपत्रावरची तिची छबीसुद्धा इतकी काळपट होती की तिथे माणूस आहे एवढंच कळावं. तापाचं निमित्त होऊन ती गेली तेव्हा तिच्या चपला घरात होत्या, कंगव्यात अडकलेले केस होते, अर्धं विणलेलं स्वेटर होतं. चेहरा तेवढा मागे राहिला नव्हता.

आईने धसका घेतला तो याचाच. "मला तिचं तोंड आठवेनासं झालंय रे," ती म्हणायची आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारायची.

बारक्याचा स्वभाव आधी करायचं आणि मग विचार करायचा, असा. शाळा त्याने सातवीतच सोडली होती, आणि गॅरेजात गाड्यांचे पोचे पुट्टीने भरून त्यावर जुन्याशी जुळणारा रंग मारण्यात त्याचा हात चांगला बसला होता. तो आणि ताई एकाच साच्यातून काढल्यासारखे, हे तर लहानपणापासून सगळेच म्हणत. एका सकाळी त्याने मिशी काढली, ताईचा निळा कुर्ता पिशवीत कोंबला आणि तडक चौकातल्या फोटोवाल्याकडे गेला.

फोटोवाल्याने सगळं ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर आश्चर्य दाखवलं नाही. "हाडं सारखी असली की झालं," तो म्हणाला. "केसबिस मी भरून काढतो. तू फक्त हसू नकोस. हसलास की तू होतोस."

बारक्या हसला नाही. हसण्यासारखं होतं तरी काय? फोटो हातात आला तेव्हा मात्र त्याने तो उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहिला. स्टुलावर आपण बसलो होतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी समोर ताई होती, जरा दमलेली, कुणीतरी हाक मारल्यामुळे नुकतीच वळलेली. आईने फोटो छातीशी धरला, खूप रडली आणि त्या दुपारी पोटभर जेवली.

मग परदेशातल्या मावशीला तो दिसावा, मैत्रिणींनाही दिसावा, असं आईच्या मनात आलं. बारक्याने आईच्या फोनवर ताईच्या नावाने एक पान उघडलं आणि फोटो टाकला. चेहऱ्याभोवती एक बारीक चौकोन उमटला. हा चेहरा कोणाचा आहे? त्याने ताईचं नाव लिहिलं. हा चेहरा इतरांच्या फोटोंमध्येही शोधायचा का? त्याखाली बराच मजकूर होता, आणि मोठा मजकूर बारक्याने जन्मात कधी वाचला नव्हता. त्याने 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून ताई सापडू लागली.

पहिल्यांदा ती सापडली मावसभावाच्या लग्नात, हातात आइस्क्रीमचा कप घेऊन उभी. बारक्याला हसूच फुटलं, कारण तो कप त्याचा होता आणि तोंडही त्याचंच होतं. मग ती गॅरेजच्या दारात सापडली, नदीच्या पुलावर सापडली, सातवीच्या वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत सापडली. कुणी कुणी, कधी कधी काढून कुठे कुठे टाकलेले फोटो होते ते. त्याने स्वतःसुद्धा कधी पाहिले नव्हते. चौकोन प्रत्येक वेळी नेमका त्याच्या चेहऱ्यावर बसत होता आणि खाली नाव ताईचं येत होतं.

"अगंबाई, ही समुद्रावर कधी गेली होती?" आई फोन डोळ्यांजवळ नेत म्हणाली.

"आई, तो मी आहे."

आईने त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. "असशील. पण बघ ना, कशी दिसतेय."

त्याने एकेका फोटोवर 'ही ती नाही' असं दाबत नेलं. संध्याकाळपर्यंत नावं परत आली. ताईचा फोटो काढून टाकावा तर आई फोन हातातून सोडेना. आपल्या फोटोंना कुलूप लावावं म्हणून तो सेटिंगमध्ये शिरला, तेव्हा हे फोटो त्यातल्या व्यक्तीलाच बदलता येतील, असं उत्तर आलं.

गॅरेजच्या फाटकावर हजेरीचं यंत्र होतं. त्यात तोंड दाखवलं की हिरवा दिवा लागायचा. आधी काही दिवस सकाळी तो दिवा लागलाच नाही. मग एकदा लागला, आणि यंत्राने आपल्या सपाट आवाजात ताईचं नाव घेतलं.

"काय रे, बहिणीची हजेरी लावतोस होय?" उस्ताद म्हणाला.

"बाईसाहेब, चहा चालेल ना?" पुट्टी घासणारा मागून ओरडला, आणि सगळे खो खो हसले. दुसऱ्या दिवशी तेच झालं तेव्हा कमी जण हसले. तिसऱ्यांदा कुणीच हसलं नाही. बारक्याने हातातला रंगाचा डबा जमिनीवर आपटला. उस्तादाने त्याला बाजूला घेतलं आणि त्याच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "थोडे दिवस घरी बस. यंत्रात तुझं नाव सापडलं की ये."

त्याचा स्वतःचा फोनही आता त्याला पाहून उघडत नसे. बऱ्याच खटपटीनंतर त्याच्या लक्षात आलं, की स्टुलावर बसला होता तसं, ओठ मिटून, जरा दमल्यासारखं पाहिलं की तो चटकन उघडतो. मग तो तसंच पाहू लागला. हळूहळू दुसरं कसं पाहायचं हे आठवायला कष्ट पडू लागले. त्याने दाढी वाढवली. चौकोन दाढीवरही बसला. एका दुपारी आई ओलं फडकं घेऊन आली, त्याची हनुवटी तिने दोन बोटांत धरली आणि गाल घासू लागली.

"काय फासून आलीस गं हे?" ती मायेने म्हणाली.

तो धावत बाबांकडे गेला. "बाबा, तुम्ही तरी सांगा तिला, मी कोण आहे ते!"

बाबा चपलेचा तुटलेला बंद शिवत बसले होते. त्यांनी सुईत दोरा ओवला. "तुझी आई जेवायला लागलीय," ते म्हणाले. "जरा सांभाळून घे."

त्यांनी त्याला नावाने हाक मारली नाही. कुठल्याच नावाने नाही.

मग त्याच्या फोनवर, त्याच्या स्वतःच्या खात्यावर, एक निरोप आला. एकच चेहरा दोन खात्यांवर आढळला आहे. यातलं खरं खातं कोणतं, ते कॅमेऱ्यासमोर येऊन सिद्ध करा. दुसरं खातं त्यातल्या सगळ्या फोटोंसह कायमचं पुसलं जाईल. या वेळी बारक्याने अक्षर अन् अक्षर वाचलं, बोट ठेवून, दोनदा. स्वयंपाकघराच्या टेबलाशी, खिडकीतून येणाऱ्या उन्हात तो खुर्ची ओढून बसला. आता काय ते सरळ होणार होतं. तो आपलं तोंड दाखवणार होता, आपलं नाव सांगणार होता आणि सोमवारी फाटकातून आत जाणार होता.

आतल्या खोलीत आई फोनवरून मावशीशी बोलत होती. "ही बघ, सायकलवर. आणि ही? केवढीशी होती बघ, गुडघे फुटलेले. मी उगाच म्हणत होते, माझ्याकडे तिचा फोटो नाही. सगळं लहानपण आहे गं माझ्याकडे!" आणि आई हसली. ताई गेल्यानंतर ती अशी कधीच हसली नव्हती. बाबाही हसल्याचं ऐकू आलं.

बारक्याचं बोट दोन नावांवर जरा वेळ घुटमळलं. मग त्याने ताईचं नाव दाबलं.

पडद्यावर गोल उमटला. डावीकडे वळा. तो वळला. उजवीकडे वळा. हसू नका असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्याने ओठ आपसूक मिटून घेतले होते. गोल कडेकडेने हिरवा होत गेला. डोळे मिटा, असं आलं, आणि त्याने डोळे मिटले.

आतून आईचा आनंदाने फुटलेला आवाज आला, "आली, आली, हिरवी खूण आली तिच्या नावापुढे!"

डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून, उघडा असं कुणीतरी सांगेल म्हणून तो खुर्चीत बसून राहिला.