पाणी सुकायच्या आत

नाएलने आधी कमरेचा पट्टा काढला, मग मनगटावरचं घड्याळ, आणि दोन्ही डाळिंबाच्या फांदीवर अडकवली.

"पोहायला निघालास की काय?" खुर्चीत बसलेल्या अबू रमझींनी विचारलं.

"बकल घासतं, काका. टप पुसायला वाकलं की दाराला लागतं."

"हं."

पायरीवर बसून द्राक्षाच्या पानांत तांदूळ आणि खिमा भरणाऱ्या मैसूनला त्या 'हं'चा एवढा आनंद झाला, की हातातल्या पानात चिमूटभर सारण जास्तच गेलं. बाबांचा 'हं' असा सहजासहजी कुणाला मिळत नसे. तिच्या आईला उभ्या संसारात तो दोनदा मिळाला होता, त्यातला एक मुलगा झाला तेव्हा.

या घरात मुलगी मागायला येणाऱ्याला आधी गाडी धुवावी लागे. वडीलधारी माणसं, कॉफी, मिठाईचे पुडे, ते सगळं नंतर. आधी त्याने शुक्रवारी सकाळी एकट्याने यायचं आणि अंगणातली चौऱ्याऐंशी सालची निळी मर्सिडीज धुवून द्यायची. अबू रमझींनी एकतीस वर्षं सीमेवरच्या जकात नाक्यावर तपासनीस म्हणून काढली होती. लोकांच्या गाडीत काय लपलंय ते ते गाडीकडे बघून सांगत नसत, माणसाकडे बघून सांगत. तोंड खोटं बोलतं, ते म्हणत, हाताला ती अक्कल नसते.

मैसूनला पहिल्यांदा मागायला आलेल्या दंतवैद्याने बोटातली अंगठी न काढताच स्पंज फिरवला. डाव्या दारावर त्याचा ओरखडा अजून होता आणि पाहुण्यांना तो 'डॉक्टरांचा दात' म्हणून दाखवला जाई. नंतरच्या इंजिनियरने भांड्यांच्या साबणाने गाडी लख्ख केली, पण त्या साबणाने मेणही धुऊन नेलं. "एका धुण्यात वर्षाचं मेण उतरवणारा माणूस," बाबा त्याच्या तोंडावर म्हणाले होते, "दहा वर्षांत माझ्या मुलीचं काय करील?" इंजिनियरने पुढे एका फार्मसीवालीशी लग्न केलं. तिचं काही उतरल्याचं ऐकिवात नव्हतं.

आता मैसून अडतिसाची होती. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आई जाऊन चार वर्षं झाली होती, भाऊ रमझी कॅनडात होता. मैसून गेली तर बाबांकडे कोण बघणार, हा प्रश्न या घरात कुणी मोठ्याने विचारत नसे. तो गाडीच विचारत असे.

नळापाशी नेहमीचा सापळा मांडून ठेवला होता: एक बादली, एक खरखरीत स्पंज, चार फडकी, आणि लिंबाच्या रंगाची साबणाची बाटली. नाएलने बाटलीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि ती भिंतीला टेकवून ठेवली.

"हा भांड्यांचा आहे, काका. मेण जाईल."

बाबांनी खुर्चीमागून गाडीचा खरा शांपू काढून पुढे केला. बारा वर्षांत ती बाटली तिथून पहिल्यांदा बाहेर आली होती.

"अजून एक बादली मिळेल?" नाएलने विचारलं. "एकीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला. नाहीतर निघालेली माती तीच परत अंगावर फिरते."

"मैसून, बादली आण," बाबा म्हणाले. "साहेबांना दोन लागतात."

ती पळतच गेली. अडतिसाव्या वर्षी बाई बादलीसाठी पळत नाही, हे तिला आत गेल्यावर आठवलं.

नाएलने आधी नुसतं पाणी ओतून धूळ खाली आणली. मग टपापासून सुरुवात केली. गोल गोल नाही, सरळ, पुढून मागे, एकेक पट्टा. जेवढं धुवायचं तेवढ्यावरच लगेच पाणी सोडायचं, आणि बादली एवढी खाली धरायची की पाणी थेंबथेंब न उडता एक चादर ओढल्यासारखं उतरून जाईल. अम्मानचं पाणी चुन्याचं. किटलीच्या आत ते काय करतं ते प्रत्येक बाईला ठाऊक असतं. गाडीवर थेंब सुकला की त्याची पांढरी कडी उमटते आणि ती मग नखानेही निघत नाही.

"पिण्याचं पाणी आहे का, फिल्टरचं?" त्याने तिच्याकडे बघून विचारलं. "शेवटचा हात त्याचा दिला की डागाची भीती नाही."

तिने स्वयंपाकघरातला पाण्याचा मोठा बाटला दोन्ही हातांनी उचलून आणला. घेताना त्याची ओली बोटं तिच्या बोटांना लागली. बाबा आभाळाकडे बघत होते, म्हणजे त्यांना सगळं दिसलं होतं.

नाएलचं तिच्या शाळेसमोर वह्यापेन्सिलींचं दुकान होतं. दोन वर्षं ती तिथून नकाशे विकत घेत होती. शाळेला एवढे नकाशे लागत नव्हते. दुकानाआधी तो नऊ वर्षं दोहाला होता. "एका कंपनीत, गाड्यांचं काम," एवढंच तो म्हणाला होता. घरी सांगताना तिने त्याचं 'वाहतूक विभागात अधिकारी' करून टाकलं. मघाशी बाबांनी "अधिकारी होतास म्हणे" म्हटलं, तेव्हा नाएलने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बाह्या दुमडायला घेतल्या.

"दोहात गाडी होती तुला?" बाबांनी आता विचारलं.

"कंपनीच्या होत्या."

"ड्रायव्हर?"

"नव्हता, काका."

"मग धुवायचं कोण?"

"मीच."

"अधिकारी स्वतः?"

"मोकळ्या हवेत बरं वाटायचं."

"दोहात," बाबा म्हणाले. "हवा."

मैसून हसली. कुणीतरी हसायला हवं होतं.

नाएल चाकांकडे वळला होता. चाकांना त्याने वेगळं फडकं घेतलं. मग सुकं फडकं काढलं, त्याची घडी केली, पुन्हा केली, पुन्हा केली. ओल्या टपावर ते सपाट पसरून नुसतं ओढलं, घासलं नाही. एक बाजू भिजली की बघायच्या आधीच बोटं घडी उलटत होती. आरशांच्या फटीत तोंड नेऊन त्याने फुंकर मारली आणि बाहेर उडालेले दोन थेंब पडायच्या आत टिपले. वायपर उचलून पुसले आणि परत ठेवताना काचेवर आवाजही होऊ दिला नाही. यातलं काहीही तो आठवून करत नव्हता. मैसून वर्गात पृथ्वीचा गोल हातात घेते तेव्हा तिलाही बघावं लागत नाही, कुठला देश कुठे आहे ते.

तिच्या हातातलं पान फाटलं. तिने दुसरं घेतलं.

बाबांनी बघणं थांबवलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि चेहऱ्यावर जेवण झाल्यासारखं समाधान होतं. तो चेहरा तिला आवडला नाही. गाडी पुसून होत आली होती आणि आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. घाम आला असेल, बसा, सरबत आणते, काहीही. तिने तोंड उघडलंही.

नाएल शेवटचं दार पुसून सरळ होत होता.

"पुढची गाडी!" बाबा ओरडले.

हा आवाज मैसूनने लहानपणी एकदाच ऐकला होता, सीमेवर, ट्रकांच्या रांगेपाशी.

नाएलने फडकं खांद्यावर टाकलं, दोन्ही बादल्या उचलल्या आणि फाटकाकडे वळला. दोन पावलं. तिसरं. फाटक बंद होतं. तो तिथेच थांबला, पाठमोरा, बादल्या हातात तशाच.

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"दिवसाला किती?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"चाळीस," नाएल फाटकाकडे तोंड करूनच म्हणाला. "वाळूचं वादळ होऊन गेलं की साठ."

"ऑफिसात."

"ऑफिसाच्या खाली, काका. तळघरातल्या पार्किंगमध्ये."

मग तो वळला. बाबांकडे नाही, तिच्याकडे.

"मी गाड्यांचं काम म्हणालो होतो," तो म्हणाला. तक्रार केल्यासारखं नाही. विसरलेली छत्री हातात द्यावी तसं.

खरंच होतं. तो तेवढंच म्हणाला होता, आणि दोन वर्षांत तिने दुसरा प्रश्न विचारला नव्हता. नकाशाची गुंडाळी काखेत धरून दुकानात तासतास उभी राहिली, पण तेवढा एक प्रश्न तिने हातचा राखून ठेवला होता.

"अगं मैसून!"

शेजारच्या घराच्या गच्चीवर कपडे झटकायला आलेली उम्म झुहैर कठड्यावरून वाकली होती. अश्रफिया मोहल्ल्याच्या त्या चढावर वर्तमानपत्र कुणी घेत नसे, उम्म झुहैर होती.

"कोण गं हा? गाडीत माझं तोंड दिसतंय मला इथून! कुठून पैदा केलात?"

बाबा एरवी तिला बोलू देत नसत, आधीच टोला हाणत. आज ते खुर्चीत सावकाश सरकून बसले.

"तुला विचारतेय ती," ते मैसूनला म्हणाले.

तेवढंच. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. एकतीस वर्षं त्यांनी कुणाची डिकी स्वतः उघडली नव्हती; ज्याची त्याला उघडायला लावत.

सांगायचं एकच वाक्य होतं. मला मागायला आलेत, मावशी. एवढं कानावर पडलं असतं तर दुपारच्या नमाजाआधी उम्म झुहैरने वरून आनंदाची किलकारी ठोकली असती, सगळा चढ मुबारक म्हणायला फाटकात आला असता, आणि मग बाबांच्यानेही नाही म्हणवलं नसतं. नाएललाही ते कळलं असावं. त्याने बादल्या खाली ठेवल्या आणि ओले हात पँटला पुसले, कुणाशी ओळख करून देणार असतील तर असावेत कोरडे, म्हणून.

मैसूनने वर पाहिलं. ती शाळेत बाई होती, उम्म झुहैरच्या तीन नातींची बाई. आईच्या मैतीला हीच उम्म झुहैर शेजारी बसली होती आणि कानात म्हणाली होती, तुझं तरी चांगल्या घरी होवो.

"गाडी धुणारा आहे, मावशी," ती म्हणाली.

मग, कुणी विचारलेलं नसताना, मैसूनने आणखी सांगितलं, "आजच आलाय. पहिल्यांदाच."

हातातलं पान तिने दुमडलं, दोन्ही कडा आत घेतल्या आणि गुंडाळलं. सकाळपासूनचं सगळ्यांत घट्ट तेच बसलं.

"मग इकडे धाड की त्याला!" उम्म झुहैर म्हणाली. "झुहैरच्या गाडीवर एवढी धूळ आहे की पोरं बोटाने शिव्या लिहून जातात. ए दादा, येशील का रे?"

नाएल मैसूनकडे बघत होता. राग नव्हता त्यात. दुकानात एखादी वस्तू संपली की तो रिकाम्या फळीकडे असा बघायचा, पुन्हा मागवायची की नाही ते ठरवत.

"येतो, मावशी," तो वर बघून म्हणाला. "रंग कुठला आहे गाडीचा?"

"पांढरा."

"मग वेळ नाही लागणार."

त्याने पट्टा आणि घड्याळ फांदीवरून काढून खिशात कोंबलं. घालून पुन्हा काढण्यात अर्थ नव्हता. बादल्या रिकाम्या करून, एकीत एक घालून नळापाशी ठेवल्या, फडकी पिळून दोरीवर वाळत टाकली. "येतो, काका," तो म्हणाला. पायरीजवळून जाताना तिच्या परातीतलं पान पायाखाली येऊ नये म्हणून त्याने पाऊल जरा लांब टाकलं. फाटक लागलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे नळ सुटल्याचा आणि उम्म झुहैरच्या बडबडीचा आवाज येऊ लागला.

बाबा उठले. गाडीभोवती एक फेरी मारली, मग उलटी दुसरी. वाकून मडगार्डखाली पाहिलं, दाराच्या कडा पाहिल्या. नळाखाली बोटं भिजवून त्यांनी बॉनेटवर पाणी शिंपडलं. थेंब गोल होऊन उभे राहिले आणि एकेक करत घरंगळून गेले. मेणाला धक्का लागला नव्हता. त्यांनी ते थेंब रुमालाने टिपून घेतले.

"अशी कुणी धुतली नव्हती," ते म्हणाले. "मी हो म्हणणार होतो."

मैसूनने मान वर केली. बाबांच्या चेहऱ्यावरून काय चाललंय ते ओळखायला हजारो लोक उन्हात रांगा लावून उभे राहिले होते, आणि कुणाला जमलं नव्हतं.

"खरंच?"

"पानं दोघांपुरतीच लाव," बाबा म्हणाले आणि नमाजासाठी हातपाय धुवायला आत गेले.

पातेल्यात तिघांची लावून झाली होती.