कोटांचं कपाट

आमच्या वैदेहीनं यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला कादंबरी पाठवली. केनियातल्या इंग्रजांच्या राज्यात वाढणारा एक मुलगा, धरपकड, गोळीबार, सगळं काळंकुट्ट. का, तर बाबांचं लहानपण नैरोबीत गेलं, त्यांना आवडेल. काय म्हणावं या मुलीला! आधीच यांना धड काही आठवत नाही. यांनी ती वाचून काढली आणि आमच्या डब्लिनच्या घरात नैरोबी येऊन बसली.

आता दारासमोर डिलिव्हरीचा ट्रक थांबला की हे उठतात आणि वांबुईला कोटांच्या कपाटात ढकलतात. वांबुई यांना सांभाळायला येते, तीही केनियाचीच; हे पूर्वी डॉक्टर होते, म्हणून ती यांना डॉक्टरच म्हणते. ती असते म्हणून दुपारी माझा जरा डोळा लागतो. माझी कंबर कामातून गेलीय, यांना एकटीनं उठवणं मला जमत नाही. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, मॅडम, पुरे झालं, शुक्रवारनंतर मी येणार नाही. थांब म्हणायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना ट्रक आला. यांनी घास टाकला, वांबुईला कपाटात घातलं आणि पुढच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. बेल वाजली. मी म्हटलं, अहो, माझी औषधं आलीत, सरका.

"उघडू नकोस, सुमेधा. अप्पांनी उघडलं होतं. ट्रकमधल्या सोल्जरनं विचारलं आणि अप्पांनी कोठीकडे बोट दाखवलं. आमचा गडी कामाऊ आत होता. मला रोज शाळेत सोडायचा तो."

अप्पा म्हणजे माझे सासरे. इतक्या वर्षांच्या संसारात कामाऊचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मला यांचा रागच आला, मग रडू आलं.

ट्रक गेल्यावर मी कपाट उघडून वांबुईला सगळं सांगितलं. तिनं यांना विचारलं, कामाऊ परत आला का? यांनी नाही म्हणून मान हलवली. ती गार झालेला वरणभात गरम करायला गेली.

शुक्रवार उलटला. सोमवारी वांबुई नेहमीसारखी आली. जेवताना पुन्हा ट्रक थांबला. हे उठायच्या आत ती आपणहून कपाटात गेली आणि दार ओढून घेतलं.

"डॉक्टर," ती आतून म्हणाली, "दार मी धरलंय. तुम्ही जेवा."

हे जेवले.