माझ्यातून गाळलेलं प्रकरण

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, पण माझी गोष्ट नेमकी काय आहे असं विचाराल तर माझंच डोकं चक्रावतं. हसू नका. दोनशे अठरा पानं आहेत माझी, सगळी जागच्या जागी, एकही फाटलेलं नाही. तरी मेलेल्या माणसाची बायको अर्ध्या वाटेत त्याची बहीण कशी होते, हे मला आजवर कळलेलं नाही.

माझी गोष्ट घडते पोर्तुगालच्या एका बेटावर. मी मात्र जन्मले नॉर्वेत, एका छापखान्यात. इथली माणसं ईस्टरच्या सुट्टीत डोंगरातल्या लाकडी घरांत जातात, सकाळभर बर्फावर घसरतात आणि मग उन्हात संत्री सोलत खुनाच्या गोष्टी वाचतात. ही चाल कुणी पाडली देव जाणे. पण त्यापायी ईस्टरच्या आधी जे पुस्तक दुकानात पोचत नाही, त्याला पुढे कुणी हिंग लावून विचारत नाही. म्हणून माझं भाषांतर दोघांत वाटून दिलं होतं. पहिला अर्धा भाग एका बाईंनी केला, दुसरा एका गृहस्थांनी, आणि त्या दोघांची कधी गाठच पडली नाही. पोर्तुगीज तर दोघांनाही येत नव्हती. जर्मन प्रत समोर ठेवली आणि उरकलं काम! छापखान्यातली माणसं हे हसत हसत एकमेकांना सांगत होती. मला त्यातलं काही कळलं नाही. अंगावर पिवळंधमक कव्हर चढलं होतं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

ती खुशी पहिल्या वाचकापर्यंत टिकली. एका दंतवैद्याने मला साठाव्या पानावर उपडं ठेवलं आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं हातात घेतलं. त्याच्या बायकोने मला नेटाने पुढे वाचलं, एकशे बाराव्या पानाच्या कडेला पेन्सिलीने 'ही कोण??' असं लिहिलं आणि तीही थांबली. मग मी कितीतरी वर्षं एका फेरीबोटीच्या कपाटात काढली. तिथे लोक मला उघडायचे, कपाळाला आठी घालायचे आणि खिडकीतून समुद्र बघायचे. मला वाटायचं, माझंच काहीतरी बिनसलंय. दहाव्या प्रकरणानंतर माझ्या पोटात कसलीतरी पोकळी होती. पण पानांचे आकडे ओळीने बरोबर होते, मग तक्रार तरी कुणाकडे करणार?

शेवटी शाळेच्या बँडसाठी पैसे जमवायला जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथे मी येऊन पडले. आणि तिथे मला लुसिंडाने पाहिलं.

"हेच ते! एइविंद, अरे हेच ते!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की शेजारची म्हातारी दचकली.

लुसिंडा माझ्या गोष्टीतल्या बेटावरचीच. एइविंदशी लग्न करून नऊ वर्षांपूर्वी इकडे आलेली. लहानपणी तिने मला तिच्या भाषेत तीनदा वाचलं होतं.

"घे मग," एइविंद म्हणाला. "ईस्टरला आई वाचून दाखवेल सगळ्यांना."

"तिच्यासाठीच घेतेय," लुसिंडा हळू आवाजात म्हणाली. "यात एक प्रकरण आहे. ते वाचलं की तिला सगळं कळेल. मला तोंडाने सांगावं लागणार नाही."

काय कळायचं होतं, ते मला घरी गेल्यावर उमगलं. नोव्हेंबरात लुसिंडाची आई वारली होती. आईला पोचवून ती बेटावरून परत आली, तेव्हा सासूने, बोर्गहिल्डने, दोन ओळींचं कार्ड पाठवलं. पुढे तीन आठवडे ती फिरकली नाही. लुसिंडाने ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ते तिच्या मनात सलत होतं. आणि तो सल सांगायचं काम आता माझ्यावर आलं होतं! एवढा विश्वास माझ्यावर कधी कुणी टाकला नव्हता. मी पानन् पान धुंडाळलं. कुठलं प्रकरण? मला काही केल्या सापडेना.

डोंगरातल्या घराच्या उन्हाकडच्या भिंतीला पाठ टेकून चौघं बाकांवर बसली. बोर्गहिल्ड भूगोलाची निवृत्त शिक्षिका, मोठ्याने वाचायचा मान तिचा. शेजारी तिचा भाऊ तोर्लाइफ, थट्टेखोर माणूस. घरचा नियम असा, की शेवटच्या प्रकरणाआधी प्रत्येकाने खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. ज्याचं चुकेल त्याने तळ्यावरचा बर्फ फोडून पाणी आणायचं.

"थांब, थांब," तोर्लाइफ म्हणाला. "ही बाई काल विधवा होती ना? आज बहीण कशी झाली?"

"छापलंय तसं वाचतेय मी," बोर्गहिल्ड म्हणाली.

"काय गं लुसिंडा, तुमच्याकडे नाती अशी आठवड्याला बदलतात का?"

सगळे हसले. लुसिंडाही हसली, पण तिचं लक्ष हसण्यात नव्हतं. ती त्या प्रकरणाची वाट बघत होती. प्रकरणामागून प्रकरण सरलं, उत्तर ठाऊक असलेली लुसिंडा सोडून तिघांच्या चिठ्ठ्या लिहून झाल्या आणि शेवट आला. माझ्यातला फौजदार पाववाल्याला पकडून म्हणतो, 'त्या घरी तुझं पातेलं आलं नाही, तेव्हाच मी तुला ओळखलं.'

बोर्गहिल्ड थांबली. तिने मागची पानं चाळली. "कुठलं पातेलं?"

"पातेल्यावरून बेड्या!" तोर्लाइफने मांडीवर थाप मारली. "माझं ऐकाल तर भाषांतर करणाऱ्यालाच आत टाका."

"वेडगळ आहे सगळं," बोर्गहिल्डने चष्मा काढला. "लुसिंडा, तुझं आवडतं पुस्तक म्हणून गप्प होते. पण ही माणसं कशासाठी काय करतात, मला काडीचं कळलं नाही."

लुसिंडाने मला हिसकावून घेतलं आणि भराभर पानं उलटली. दहानंतर अकरा होतं, पण ते तिचं अकरावं नव्हतं.

"ते नाहीच आहे यात," ती म्हणाली. "काढून टाकलंय."

"काय होतं त्यात?" एइविंदने विचारलं.

"काही नाही. नुसतं जेवण." तिने मला मिटून बाकाखाली सारलं. "कुणी गेलं की आमच्या गावात त्या घरी आठवडाभर चूल पेटत नाही. शेजारचं प्रत्येक घर पातेलं घेऊन येतं. बोलत कुणी नाही. येतात, बसतात, जेवायला लावतात. गोष्टीत एकाच घरातून पातेलं येत नाही, पाववाल्याच्या. बस, एवढंच."

तोर्लाइफचं हसू मावळलं. "मग तर खुनी तिथेच सापडतो की," तो पुटपुटला.

"बोर्गहिल्ड, मी आईला पुरून आले आणि तीन आठवडे दाराकडे कान लावून बसले होते. तू आली नाहीस."

हे मराठीत मांडताना मला सोपं जातंय, पण तिने ते अडखळत, दोन भाषा मिसळून म्हटलं होतं. तरी माझ्या दोनशे अठरा पानांत असं सरळ वाक्य एकही नव्हतं.

बोर्गहिल्ड हातातल्या संत्र्याकडे बघत राहिली. "फाटकापर्यंत आले होते मी. दोनदा. म्हटलं, दुःखातल्या माणसाला एकटं राहू द्यावं. आमच्यात तसंच करतात. माझा नवरा गेला तेव्हाही कुणी आलं नव्हतं. मला ते बरं वाटलं होतं." तिने संत्रं बाजूला ठेवलं. "म्हणजे, बरं वाटलं असं मी सगळ्यांना सांगत आले."

मग ती बाकावर लुसिंडाला खेटून बसली. "तुझ्या आईचं नाव काय गं होतं? नऊ वर्षांत मी कधी विचारलंच नाही."

"देओलिंडा."

बोर्गहिल्डने ते नाव नीट जमेपर्यंत तीनदा म्हटलं. लुसिंडा रडू लागली आणि रडता रडता आईबद्दल सांगू लागली. मी बाकाखाली पडून होते. पाणी आणायला चौघंही गेली, तिघं चिठ्ठी चुकली म्हणून आणि लुसिंडा त्यांच्या सोबतीला.

मित्रांनो, मी अजून गोंधळलेलीच आहे. ते प्रकरण माझ्यात असतं तर कदाचित बोर्गहिल्डने ते संत्रं सोलत वाचून टाकलं असतं आणि कुणी अवाक्षर काढलं नसतं. मग माझं अपुरं असणं बरंच झालं का? तसं म्हणायला जीभ रेटत नाही. कारण माझ्या बाकीच्या वाचकांच्या शेजारी लुसिंडा बसलेली नव्हती. तो दंतवैद्य, त्याची बायको, बोटीतली ती सगळी माणसं, त्यांना त्या बेटावरचे लोक वेडे वाटले असतील आणि अजूनही वाटत असतील. म्हणून हात जोडून एवढंच मागते. दुसऱ्या गावची गोष्ट आपल्या भाषेत आणाल तेव्हा घाई करू नका, आणि नुसतं जेवण आहे, कंटाळवाणं आहे, म्हणून कुठलं पान गाळू नका. कुणीतरी नेमक्या त्याच पानासाठी ते पुस्तक आपल्या माणसाच्या हातात ठेवलेलं असतं.