शेवटची चटई

"वहिनी, चेंडू उचला. हा डाव गेला," दीर म्हणाला.

शेवटचं होल होतं, सामना बरोबरीत होता आणि नर्सबाईंचा चेंडू नेमका झाडाच्या बुंध्याला खेटून बसला होता. गोल्फचा दांडा मागे न्यायला जागाच नव्हती.

आता नर्सबाई या मैदानात आल्याच कशा, ते सांगायला हवं. क्लबाच्या सामन्यात दरवर्षी जोडी असायची दोघा भावांची. थोरल्याची, म्हणजे बाईंच्या नवऱ्याची, उजवी बाजू लुळी पडली आणि धाकटा दुसरा जोडीदार बघू लागला. नवऱ्याचं अन्नावरून मन उडालं. बाईंनी दिराला सांगितलं, यंदा यांच्या जागी मी खेळते. जिंकलो तर जागा घरातच राहील, हरलो तर तुम्ही मोकळे.

तेव्हापासून ड्यूटी सुटली की नवऱ्याची चाकाची खुर्ची ढकलत त्या सरावाच्या रेंजवर जायच्या. तिथे ओळीने चटया मांडलेल्या, समोर मोकळं रान, चेंडू मारत सुटायचं. दीर पोट धरधरून हसायचा. म्हणायचा, बादलीत कुणी पोहायला शिकतं का? त्यातून खुर्ची मावायची ती फक्त शेवटच्या चटईपाशी, आणि तिथे पाठीमागेच मेला खांब आडवा यायचा. दांडा जरा जास्त मागे गेला की ठण्णकन आपटायचा. बाकीचे लांब लांब फटके हाणायचे आणि नवरा हिला रोज एकच सांगायचा, "अगं, आखूड घे."

दिराचं अगदीच खोटं नव्हतं. चटई चुका पोटात घालते, गवत घालत नाही. सामन्याच्या सुरुवातीला बाईंनी चेंडूपेक्षा मातीच जास्त उडवली. दिराने कसंबसं सावरून घेतलं, म्हणून तर सामना इथवर आला होता.

पण बुंध्याकडे बघून बाईंना हसूच फुटलं. हा तर आपला खांब!

"असू दे, भाऊजी," त्या म्हणाल्या.

त्यांनी दांडा मागे आखूडच घेतला. सालीला धक्कासुद्धा लागला नाही. चेंडू फांद्यांखालून सपाट सुटला, घरंगळत गेला आणि होलच्या निशाणाशेजारी थांबला. पुढचा फटका त्यांनी हलकेच मारला आणि चेंडू आत गेला. सामना त्यांचा झाला. बाईंना एवढा आनंद झाला की दांडा कुठे टाकला तेही कळलं नाही.

दिराने टोपी काढली. "वहिनी, मलाही ती बादली दाखवा," तो म्हणाला.

विजेत्या जोडीला फोटोसाठी बोलावलं, तेव्हा बाईंनी कडेला बसून सामना बघणाऱ्या नवऱ्याची खुर्ची ढकलत मधोमध आणली आणि चषक त्याच्या मांडीवर ठेवला. फोटोवाला घाई करत होता. बाईंनी त्याला थांब म्हणून सांगितलं. नवऱ्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि चषकावर नीट ठेवला.