आळ कोबीवर आला

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पाहिले असेल असे वाटत नाही. घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी असते ना, तिच्या पोटातला मी एक म्हातारा व्हॉल्व्ह. तळहातावर मावेन एवढाच. विनिपेग शहरात, स्टेफानियाबाईंच्या तळघरात माझे सारे आयुष्य गेले. इथल्या हिवाळ्यात दाराबाहेर क्षणभर उभे राहिले तरी पापण्यांवर बर्फ धरतो. त्यामुळे या घराचा जीव भट्टीत होता आणि भट्टीच्या गॅसची वाट माझ्या ताब्यात होती.

माझे काम सोपे होते. वरच्या खोल्यांत गारठा वाढला की तारेतून मला निरोप यायचा. मी उघडायचो, गॅस पुढे जायचा आणि भट्टी पेटायची. पुरे झाले असा निरोप आला की मी घट्ट मिटायचो. उघडण्याचे कौतुक सगळे करतात, मिटण्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

स्टेफानियाबाईंचे यजमान ओरेस्ट रेल्वेच्या यार्डात कामाला होते. त्यांनीच ही भट्टी हौसेने बसवून घेतली होती. पाहुणा आला की त्याचा कोट निघायच्या आधीच ते त्याला तळघरात आणून भट्टी दाखवायचे. पाहुणा बिचारा कुडकुडत मान डोलवायचा आणि मी आतल्या आत फुगायचो.

पुढे मी थकलो. एका हिवाळ्यात निरोप आला आणि मी उघडलोच नाही. आतून चिकटून बसलो होतो. ओरेस्टनी स्वयंपाकघरातले लाटणे आणले आणि माझ्या अंगावर हलकेच ठोकले. मी उघडलो.

"बघितलंस? माझं ऐकतो तो," ते बायकोला म्हणाले.

खरे तर तेव्हाच मला बदलायला हवे होते. पण भट्टी पेटते आहे ना, मग भर हिवाळ्यात तिला कोणाचा हात लावू द्यायचा नाही, अशी त्या गल्लीची रीत होती. ठोकून काम होते म्हणून सगळे निर्धास्त राहिले.

गेल्या पानगळीत ओरेस्ट वारले. त्यानंतर रोज सकाळी स्टेफानियाबाई लाटणे घेऊन खाली येऊ लागल्या. मला ठोकता ठोकता बोलत राहायच्या. "उठा आता. वन्संची कंबर धरलीय, पण तोंड चालू आहे. आणि ऐकलंत का, आपल्या लारिसाला मुलगी झाली. नाक तुमच्यासारखं आहे हो बिचारीचं." त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, हे मला कळत होते. तरी मला त्यांची फार माया वाटायची आणि सकाळची मी वाट पाहायचो.

पण आता माझे दुखणे वाढले होते. मला नीट मिटता येईना. पुरे झाले असा निरोप आला तरी ज्योत रेंगाळायची. कधी आधीच निसटलेला गॅस साचायचा आणि भट्टी धप्पकन पेटायची, तेव्हा फळीवरच्या बरण्या हादरायच्या. थोडा थोडा गॅस तळघरातही पसरू लागला. गॅसला मुद्दाम घाणेरडा वास दिलेला असतो, माणसांनी सावध व्हावे म्हणून.

वास स्टेफानियाबाईंना येत होता. मात्र माझ्या शेजारीच त्यांनी आंबवलेल्या कोबीची भलीमोठी चिनी मातीची बरणी ठेवली होती. ऊब मिळावी म्हणून ती दर वर्षी तिथेच असे. त्या नाक मुरडायच्या, बरणीचे झाकण आणखी दाबायच्या आणि कोबीलाच रागवायच्या.

सहा जानेवारीला, जुन्या पंचांगानुसार येणाऱ्या त्यांच्या नाताळच्या आदल्या पवित्र संध्याकाळी, नात लारिसा बाळाला घेऊन येणार होती. पाळणा बरोबर माझ्या डोक्यावरच्या खोलीत मांडला होता. मित्रांनो, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला ओरडायला तोंड नव्हते. होता तो वास, आणि त्याचा आळ कोबीवर आला होता.

त्या दिवशी सकाळीच ओरेस्ट यांची बहीण स्लावका स्वयंपाकाला मदत करायला आली. ती शेजारच्याच घरात राहायची. कोबी काढायला दोघी खाली आल्या.

"वहिनी, इथे कोण मेलंय?"

"माझी कोबी आहे ती."

"मग तीच मेलीय. टाकून द्या."

"वन्सं, तुमच्या भावाने जन्मभर बोटं चाटून खाल्ली ही कोबी."

"त्याचं काय सांगता. एवढं मोठं नाक, पण नुसतं शोभेचं."

स्टेफानियाबाईंच्या कोबीला चर्चच्या मुदपाकखान्यात मान होता. त्यांना हे झोंबले. "चला बाहेर, मोकळ्या हवेत वास घ्या," म्हणत त्यांनी बरणीचा एक कान धरला, स्लावकाने कण्हत दुसरा धरला. दोघींनी ती पायऱ्या चढवून मागच्या दाराबाहेर बर्फात नेली. झाकण काढले. स्लावकाने बोट बुडवून चाटले.

"चांगली आहे की हो," ती नाइलाजाने म्हणाली.

"आता बोला."

पण स्लावका पुन्हा जिन्याच्या तोंडाशी आली होती. "वहिनी, बरणी बाहेर आहे. मग खाली वास कसला येतोय?"

स्टेफानियाबाईंचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. स्लावकाने तो धरला. "गॅस आहे हा. बटणाला हात लावू नका, ठिणगी उडेल. फोनही इथून नको. चला माझ्याकडे."

"अहो, पायात सपाता आहेत. कणीक उघडी पडलीय."

"वाळू दे कणीक."

तिच्या घरून फोन केल्यावर गॅसवाल्यांचा रोडेल आला. त्याने आधी गॅस तोडला, दारे-खिडक्या उघडून घर मोकळे केले. वास पुरता गेल्यावर गॅस जपून सुरू केला आणि तपासायला बसला. निरोपाची तार ठीक होती, गॅसचा दाबही ठीक होता. उगाच मला दोष द्यायचा नाही, याची त्याने खात्री करून घेतली. शेवटी दोघींना खाली बोलावून त्याने भट्टी पेटवली आणि निरोप थांबवला.

"काकू, बघा. मी बंद केलंय, तरी जळतंय."

"ठोकलं की येतो तो ताळ्यावर. आमचे हे असंच करायचे."

"ठोकून एखादे वेळी उघडेल. पण हा बंदच होत नाहीये. याला खोलून दुरुस्त करत नाहीत, बदलावाच लागतो."

स्टेफानियाबाई पायरीवर बसल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हा काढला तर सकाळी खाली येऊन मी कोणाशी बोलू?"

स्लावका कंबर धरत त्यांच्या शेजारी बसली. "माझ्याशी बोला. मी भिंतीपलीकडेच राहते. आणि मला उत्तरही देता येतं. माझा भाऊच होता तो, वहिनी."

"तुम्ही फार बोलता," स्टेफानियाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"मग ठोका लाटण्याने."

दोघी हसल्या आणि दोघी रडल्या. रोडेलने मला काढले, नवा व्हॉल्व्ह बसवला. स्टेफानियाबाईंनी मला एकदा हातात घेतले, "दमलास रे," म्हणाल्या आणि स्वतःच त्याच्या पेटीत ठेवले.

मित्रांनो, भट्टी ठोकल्याशिवाय पेटत नसेल, ज्योत रेंगाळत असेल, घाणेरडा वास येत असेल, तर त्याचा आळ कोबीवर घालू नका. बाहेर पडा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आमच्यावर माया असेल तर आम्हाला वेळेवर जाऊ द्या.

रोडेल पेटी घेऊन बाहेर आला, तेव्हा लारिसाची गाडी दाराशी थांबली होती. दुपट्यात गुंडाळलेले बाळ माझ्या जवळून आत गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मला थंडी वाजली. खरे सांगतो, ती मला गोड लागली, कारण बाळ उबेत गेले होते.