कोपऱ्यातला ठिपका

बर्डीवरच्या आमच्या टॉकीजला त्र्याहत्तर साली पंचवीस वर्षं झाली. मालक वामनरावांनी ठरवलं, रविवारच्या मॉर्निंग शोला एक जुना इंग्रजी पिक्चर लावायचा. दोन नावं निघाली होती, त्यांतला जो मोठा ठरेल तो. एक बर्फाचा, दुसरा कोळशाच्या खाणीचा. बर्फाच्या बाजूनं एक वकील, खाणीच्या बाजूनं एक प्रोफेसर. दोघांनी मालकाच्या खोलीत तासभर एकमेकांचं डोकं खाल्लं आणि शेवटी मला, ऑपरेटरला, केबिनमधून खाली बोलावलं.

"मार्तंड, तू दोन्ही कितीकदा चालवले. तूच सांग गा, कोणता मोठा?" वामनराव म्हणाले.

मोठा बर्फाचाच. यात विचारायचं काय? ओसाड स्टेशनावरचा मास्तर मुलीच्या गाडीची वाट बघतो, बाहेर बर्फ पडतो, बस एवढंच. आणि इंग्रजीचं अक्षर न कळता मी दर खेपेला रडलोय. खाणीच्या पिक्चरात माणसं अडकतात, ओरडतात आणि सुटतात.

पण रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनवर जायचं. चुकलं की पडदा पांढरा आणि पब्लिकच्या शिट्ट्या. बावीस वर्षं मशीनमधल्या कार्बनच्या ज्योतीकडे बघून माझे डोळे अधू झाले होते. हे फक्त माझ्या बायकोला, जयाला, ठाऊक होतं. खाणीच्या अंधारात ठिपका मला अजून दिसायचा. बर्फात कसला दिसतोय! आणि ठिपका न दिसणाऱ्या ऑपरेटरला कोण ठेवेल?

"खाणीचा," मी म्हणालो. माझी मलाच लाज वाटली.

प्रोफेसरांनी टेबलावर थाप मारली. वकील उसळले, "एकट्याच्या मतानं काय होते? दोन रविवार दोन्ही लावा. पब्लिकले चिठ्ठ्या टाकू द्या!"

वामनरावांना दोन हाउसफुल्लच्या पाट्या दिसल्या. झालं. खोटं बोलूनही बर्फ काही चुकला नाही.

खाणीचा रविवार निभावला. त्या संध्याकाळी जयानं नवं पातळ काढून ठेवलं. लग्नापासून मी तिला त्या मास्तरची गोष्ट सांगत होतो, आणि मालकांनी तिला पुढच्या रविवारचा बाल्कनीचा पास दिला होता.

"पास राहू दे," मी म्हणालो. "तू माह्यासंग केबिनमधी ये वं. ठिपका आला की सांगजो."

"मंग पिक्चर?"

"भिंतीतल्या भोकातून दिसते."

पातळाची घडी तिनं परत ट्रंकेत ठेवली. केबिनमध्ये तेलाचे डाग पडतात.

रविवारी लोखंडी दार आतून लावून घेतलं. आत भट्टीसारखा उकाडा. जयानं भोकाला डोळा लावला आणि कोपऱ्यावरून नजर हलवली नाही. ती "आता" म्हणायची, मी खटका ओढायचो. अकरा रिळं, दहा वेळा "आता". एकदाही चुकली नाही.

शेवटच्या रिळाला खाली कामठीच्या छावणीतून आलेले फौजीसुद्धा नाकं ओढत होते. सवयीनं तिचा डोळा अजून कोपऱ्यातच होता.

"काय झालं जी?" तिनं विचारलं.

"पोरगी आली. गाडीतून उतरली."

"इकडं कोपऱ्यात तं नाही आली," ती म्हणाली.

शो सुटल्यावर वामनराव धापा टाकत वर आले. जयाला बघून चमकले. "डबा घेऊन आली," मी म्हणालो. त्यांनी तिच्यापुढे एक चिठ्ठी धरली.

"वहिनी, तुम्हीबी पाहिला ना? सांगा, मोठा कोणता?"

जयानं माझ्याकडे बघितलं.

"बर्फाचा," ती म्हणाली.

"सगळेच तेच म्हणून राहिले! मार्तंड, तुलेच कळला नाही गा. आता आठवडाभर रोज हाच लावतो."

ते जिना उतरून गेले. जया स्टुलावर बसली, पदरानं डोळा पुसला, आणि मला म्हणाली,

"उद्या किती वाजता या लागते?"